मिसबाहच्या दुकानातलं जंगल

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. निवृत्त माणसानं रोज चार ओळी लिहाव्यात, डोकं ताजं राहतं. (कौन्सिलनं मला 'घरी बसवलं' असं माझी बायको पॉलीन लोकांना सांगते. मी निवृत्त झालो.)

आज मिसबाहच्या दुकानात कांदे आणायला गेलो आणि आयुष्याला वळण लागलं. दारातल्या टोपलीत अळकुड्या होत्या. केसाळ, मातकट, कुणी ढुंकून बघणार नाही अशा. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. बागकाम मंडळाच्या मासिकात ज्या झाडाचा पानभर फोटो येतो, हत्तीच्या कानाएवढी पानं, ज्याच्या एका कुंडीसाठी लोक नर्सरीत रांग लावतात, ते झाड म्हणजे हीच अळकुडी! इथं ती पिशवी भरून मिळते. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या साऱ्या ओल्डहॅममध्ये हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही. (मिसबाहची गिऱ्हाइकं सोडून. पण ती खातात.)

अळकुड्या, आलं, ओली हळद, गवती चहाच्या काड्या, रताळी, सगळं घेतलं. मिसबाहनं विचारलं, जेवायला किती जण आहेत? म्हटलं, लावणार आहे. मिसबाह पन्नाशीचा, घराणं बांगलादेशी, जन्म इथलाच. म्हणाला, "लावणार? बॉस, चिखलातून पाय बाहेर काढायला माझे आजोबा सिल्हेटहून जहाजावर चढले. मी भाजी विकतो. ती कुठून उगवते ते मला विचारू नका, मला किळस येते."

संकल्प: ऑगस्टपर्यंत मागच्या अंगणात उष्ण कटिबंधातलं जंगल. सगळं भाजीच्या पिशवीतून.

पॉलीननं पिशवीत हात घालून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "कांदे?"

२३ फेब्रुवारी, रविवार

कंदांना ऊब लागते. ओल्डहॅममध्ये फेब्रुवारीत ऊब दोनच ठिकाणी असते: एक, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथं पॉलीन टॉवेल ठेवते. दोन, मागची काचेची खोली. ती सध्या सासूबाईंकडे आहे. पॉलीनची आई, विनिफ्रेड, वय शहाऐंशी. गेल्या शरदात पाय अडखळायला लागले म्हणून आमच्याकडे राहायला आल्या. दिवसभर काचेच्या खोलीत खुर्चीत बसून अंगणातले पक्षी बघतात. मांडीवर छोटी दुर्बीण. कुणाला त्रास नाही.

म्हणून कपाट. कंद ओल्या मातीच्या पिशव्यांत घातले, टॉवेलांच्या मागे. पॉलीनला सांगितलं नाही. सरप्राइज.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ

मंडळाची सभा. ऑगस्टच्या बागभेटीला कुणाची बाग, असं सेक्रेटरी ग्लेनिस वोल्स्टनहोम यांनी विचारलं. आमचा शेजारी रॉनी स्कोफिल्ड, निवृत्त बस ड्रायव्हर, हात वर करायच्या बेतात होता. दर वर्षी त्याचीच बाग. त्याच डेलिया, तेच कांदापातीसारखे लीक, तोच चहा. मी उभा राहिलो.

काय बोललो ते शब्दशः लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल: "उष्ण कटिबंध, ओल्डहॅममध्ये. एकही रोप विकत न घेता. सगळं किराणा दुकानातल्या भाजीतून."

टाळ्या. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवू, असं ग्लेनिसबाई म्हणाल्या. रॉनी मागून म्हणाला, "लेन, फोडणीचंही सामान आणून ठेव. नाही उगवलं तर जेवून तरी जाऊ." लोक हसले. मत्सर, दुसरं काय.

अद्याप काहीच उगवलेलं नाही, हे सांगायची गरज वाटली नाही. मंडळाचे लोक बारकाव्यात फार अडकतात.

२० मार्च, गुरुवार

कपाटाला वास येऊ लागला होता. मला वाटत होतं, हाच तो उष्ण कटिबंधाचा वास.

पॉलीननं दार उघडलं. आल्याचा लगदा झाला होता. रताळ्यांना करडी लव आली होती. हळदीची पिशवी फुटून तिच्या बहिणीनं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेले पांढरे टॉवेल पिवळेधमक झाले होते. पॉलीन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टॉवेल काढले, बघितले, घडी घालून परत ठेवले. मग मला विचारलं, "लेनर्ड, तू दिवसभर हे करतोस?"

टॉवेल धुतले. पुन्हा धुतले. हळदीचे डाग जात नाहीत, हे मिसबाहनं नंतर सांगितलं, तेही हसता हसता.

पण! एका अळकुडीला गुलाबी कोंब आला आहे. मांजराच्या नाकासारखा. आणखी चार-पाच कंद टणक आहेत. म्हणजे पद्धत बरोबर होती, जागा चुकली. उजेड हवा.

उजेड कुठं आहे, हे मला माहीत आहे.

२२ मार्च, शनिवार

सासूबाईंची खुर्ची समोरच्या खोलीत हलवली. त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिथून काय दिसतं?" म्हटलं, रस्ता. बस स्टॉप. माणसं. मागं काय, नुसतं अंगण. इथं जरा जाग राहील तुम्हाला.

"बरं, लेनर्ड," म्हणाल्या. दुर्बीण उचलून घेतली आणि भिंतीला धरत धरत गेल्या.

पॉलीन दारात उभी होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

९ एप्रिल, बुधवार

यश. काचेच्या खोलीत दोन हीटर, पाण्याचा फवारा दिवसातून अनेकदा, फरशी सतत ओली. काचांवर इतकी वाफ की बाहेरचं काही दिसत नाही. अळकुड्यांना पानं फुटली, अजून चमच्याएवढी आहेत, पण आकार निर्विवाद. गवती चहाला मुळं. मिसबाहकडून नवी रताळी आणली, त्यांनाही वेल सुटतोय.

संपादक लोक फोटो मागतील म्हणून नवी टोपी घेतली, रुंद काठाची.

सासूबाई समोरच्या खोलीत रमल्या आहेत. चहाला गेलो तर सांगतात, आज बस उशिरा आली, ती हिरव्या कोटवाली आज दिसली नाही. मजेत आहेत. मध्येच विचारलं, "अंगणातला तो लाल छातीचा रॉबिन येतो का रे अजून?"

"येतो," म्हटलं.

येतच असणार. रॉबिन कुठं जाणार? मी काही खोटं बोललो नाही. मला दिसत नाही, एवढंच.

२ मे, शुक्रवार

ऊन! शर्टाच्या बाह्या वर करून सगळी रोपं अंगणात लावली. रॉनीनं कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाला, महिना संपेपर्यंत थांब, लेन, इथल्या मे महिन्याचा भरवसा नसतो. त्याला म्हटलं, तुझ्या लीकचं वेगळं, माझ्या झाडांना उघड्यावर राहायची सवय असते. त्यानं खांदे उडवले. पंचवीस वर्षं बस चालवून माणूस सगळीकडे ब्रेकच दाबायला बघतो.

पॉलीननं विचारलं, आता आईची खोली रिकामी झाली का? म्हटलं, थोडी थांब. मागच्या कुंड्या आहेत अजून.

१४ मे, बुधवार

पहाटे गवत पांढरंशुभ्र. पानांवरचं दव गोठलं होतं. उन्हं आली आणि सगळं काळं पडून लोळलं. उकडलेल्या पालकासारखं.

पॉलीनला सांगितलं, झाडं काटक होताहेत, सुरुवातीला असं दिसतं.

आत शिल्लक: एक अळकुडी, खिडकीत विसरलेली. गवती चहाचे दोन झुपके. एक वेल. नव्यानं सगळं लावायला मिसबाहकडे गेलो. तो म्हणाला, "बॉस, इतक्या अळकुड्या? घरी लग्न आहे?" हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. त्यानं हात दाबून अभिनंदन केलं आणि मूठभर हिरव्या मिरच्या फुकट घातल्या.

११ जून, बुधवार

सलग पाऊस. उष्ण कटिबंधातही पडतो. पण तिथं तो गरम असावा.

आज विचार केला, ज्या झाडावर मी इतका जीव लावला त्याची चव तरी बघावी. खिडकीतल्या अळकुडीचं कोवळं पान तोडलं आणि चावून पाहिलं. तसंच. कच्चं.

घशात कुणीतरी सुयांची डबी रिकामी केली. जीभ सुजली. शब्द फुटेना. त्यातच फोन वाजला: ग्लेनिसबाई. त्यांनी सांगितलं, रॉचडेलचं मंडळही येणार आहे, अख्खी बस भरून. झाडं किती उंच झाली?

मी घशातून आवाज काढला. त्यांना वाटलं मी भावनावश झालो. "खांद्यापर्यंत?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा तोच आवाज काढला.

पॉलीनला सांगितलं, परागकणांची ॲलर्जी. मिसबाहला खरं सांगितलं, कारण दुधावर भागेना, काहीतरी आंबट हवं होतं. तो ओरडला, "कच्चं खाल्लंत? बॉस, कच्चं!" आणि चिंचेचा डबा काढता काढता दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. पीठ घ्यायला आलेल्या एक बाई इतक्या हसल्या की त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं. मीही हसलो. हसताना जास्त दुखतं.

२ जुलै, बुधवार

गोगलगायी. मेमध्ये पुन्हा लावलेलं सगळं घोट्यापर्यंत आलं होतं, त्याची आता जाळी झाली आहे. रॉनी कुंपणावरून म्हणाला, "पालक छान आलाय, लेन." मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. म्हणाला, "भेट माझ्याकडे घ्यायची असेल तर सांग. डेलिया तयार आहेत. आपण म्हणू, तुझी पाठ धरली."

त्याला वाटलं असेल, तो चांगुलपणा करतोय. मी म्हणालो, गरज नाही.

रात्रभर विचार केला आणि निष्कर्षाला आलो तो असा. नर्सरीतलं मोठं झाडसुद्धा कधीतरी कंदच होतं. त्याचा नाही तर त्याच्या आजाचा कंद कुठल्या तरी दुकानात होताच. म्हणजे मी झाड विकत आणलं तर भाजीतूनच आणलं. मधला काळ फक्त दुसऱ्या कुणीतरी सांभाळला.

हे इतकं सरळ आहे की कुणाला सांगायचीही गरज नाही.

२४ जुलै, गुरुवार

नर्सरी चेशरमध्ये. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. हत्तीकानाची तीन झाडं, छातीएवढी. कर्दळी, लाल पानांच्या. आणि केळ. केळ घ्यायची नव्हती, पण समोर उभी होती. गाडीत मावेना म्हणून पुढची सीट मोडून आडवी घातली, पानं खिडकीबाहेर. सगळ्या रस्त्यावर लोक बघत होते. एका लॉरीवाल्यानं हॉर्न वाजवून हात केला. मीही केला. खूप दिवसांनी बरं वाटलं.

फोन डिकीत, कोटाच्या खिशात होता. मुद्दाम ठेवला नव्हता. पॉलीन दंतवैद्याकडे गेली होती, ती विचारेल कुठं आहेस, म्हणून जवळ ठेवला नव्हता, एवढंच.

घरी आलो तर रॉनी आमच्या दारात उभा. त्याच्या हातात आमच्या घराची किल्ली, पॉलीननं कधीतरी देऊन ठेवलेली. तो म्हणाला, "लेन, विनी पडली."

काचेच्या खोलीत. सासूबाई पाठीमागं गेल्या होत्या, एकट्या, भिंत धरत. दुर्बीण घेऊन. फरशी ओली होती. रॉनीला कुंपणापलीकडून हाका ऐकू आल्या. त्यानंच ॲम्ब्युलन्स बोलावली. मला खूप फोन केले, म्हणाला. पॉलीनला कळवलं, ती परस्पर हॉस्पिटलमध्ये गेली. खुब्याचं हाड.

मी गाडीपाशी उभा होतो. केळीची पानं खिडकीतून बाहेर हलत होती. रॉनीनं त्यांच्याकडे पाहिलं. हत्तीकानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. मनात उत्तरही तयार केलं.

तो म्हणाला, "आधी हे उतरवू. केळ आडवी ठेवलीस तर मोडेल. मग मी तुला सोडतो हॉस्पिटलला, तू गाडी नको चालवूस."

कुंडीचं दुसरं टोक त्यानं धरलं.

२७ जुलै, रविवार

ऑपरेशन व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.

सासूबाईंच्या सपाता जुन्या होत्या. तळवे गुळगुळीत झालेले. मी पॉलीनला पूर्वी म्हटलंही होतं, आईला नव्या सपाता घे. म्हटलं असावं. फरशी कुणाचीही ओली असू शकते.

आज भेटायला गेलो. उशीत इतक्या लहान दिसत होत्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लेनर्ड, तुझी एखादी कुंडी तर नाही ना फुटली? मी पडताना कशाला तरी धरलं होतं."

मी म्हटलं, नाही, नाही. फुटली नाही.

खिडकीतली अळकुडी होती ती. माझ्या हातून उगवलेली तेवढी एक. कुंडीचे तुकडे रॉनीनं गोळा करून कोपऱ्यात ठेवले होते.

सपातांबद्दल वर लिहिलं आहे ते खोडावं का, विचार करतोय.

३ ऑगस्ट, रविवार

पॉलीनशी बोलणं फारसं होत नाही. ती सकाळी हॉस्पिटल, दुपारी हॉस्पिटल. मी म्हटलं, बागभेट रद्द करू का? म्हटलं खरं, पण अशा सुरात की कुणीही नको म्हणेल. ती नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. तिनं अंगणातल्या केळीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कुठल्या भाजीची?"

मग गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.

रद्द केलं तर ग्लेनिसबाईंची बस आधीच ठरलेली. वर्तमानपत्राचा माणूस ठरलेला. इतक्या लोकांना अडचणीत आणणं बरं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ

झालं.

ऊन पडलं. दोन्ही मंडळं मिळून अंगण भरलं. हत्तीकान मी मध्यभागी मातीत गाडले होते, कुंडीसकट, वरून पालापाचोळा. केळ मागे. रुंद काठाची टोपी. फोटो निघाले. रॉचडेलचे अध्यक्ष पानावरून हात फिरवून म्हणाले, आमच्याकडे तीस वर्षं काचघर आहे, असं काही जमलं नाही.

खाण्याचं पॉलीननं पाहिलं नाही, ती हॉस्पिटलमध्ये. म्हणून मिसबाहला समोसे सांगितले होते. तो स्वतः घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन. अंगणात शिरला आणि थबकला. "हे? हे माझ्या दुकानातलं?" त्याचे डोळे भरून आले होते. खोटं नाही लिहीत. तो बायकोला म्हणाला, "बघ, बघ. आपल्या टोपलीतलं." मग माझा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, "आणि लग्न कसं झालं, बॉस?"

म्हटलं, छान झालं.

मग ग्लेनिसबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "मिस्टर बटरवर्थ, पुन्हा एकदा सगळ्यांसमोर सांगा. यातलं किती खरोखर किराणा दुकानातून आलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. रॉनी पाठीमागे उभा होता, कुंपणाशी. त्यानं वर पाहिलं नाही. हातातल्या कपात बघत होता, जणू त्यात काही पडलंय.

मी म्हणालो, "सगळं."

टाळ्या. मिसबाहनं शिट्टी मारली.

रॉनीनं कप खाली ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात अजून तिथंच आहे असं वाटतंय. त्यापेक्षा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं, आणि ते सोपं झालं असतं.

वर्तमानपत्राच्या माणसानं विचारलं, शीर्षक काय देऊ? ते त्याच्यावर सोडलं.

८ सप्टेंबर, सोमवार

मिसबाहच्या दुकानासमोरून जाणं टाळत होतो, आज पॉलीननं कांद्यांसाठीच पाठवलं.

त्यानं माझा फोटो वर्तमानपत्रातून कापून काचेवर लावला आहे. खाली पाटी: 'बटरवर्थ साहेबांचं जंगल इथूनच.' भेटीनंतर लोकांची झुंबड उडाली म्हणे. अळकुड्या टोपल्याच्या टोपल्या गेल्या. आता तेच लोक येऊन भांडतात. कुंडीत घाण वास सुटला म्हणतात, तू आम्हाला शिळा माल दिलास, साहेबांना चांगला दिलास. एका माणसानं कुजकं आलं काउंटरवर आणून आपटलं.

मिसबाह रागावलेला नव्हता. तो गोंधळला होता. "बॉस, मी सगळ्यांना तेच दिलं. एकाच पोत्यातलं. तुम्ही काय वेगळं केलंत ते सांगा, मी पाटीवर लिहितो. लोक मला खोटारडा म्हणतात हो."

मी म्हणालो, त्यांना सांग, धीर धरा.

त्यानं ते एका कागदावर लिहून घेतलं. मोठ्या अक्षरात. मी बघत होतो.

कांदे घेतले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सासूबाई परत येत नाहीत.

पॉलीननं भांडी घासता घासता पाठमोरी राहून सांगितलं. टेकडीखालच्या वृद्धाश्रमात जागा आहे, पायऱ्या नाहीत, आईनं स्वतः ठरवलं. मी म्हणालो, मी आजच्या आज काचेची खोली रिकामी करतो. रंग देतो. सुकी फरशी घालतो.

ती म्हणाली, "मी तेच म्हटलं तिला. ती म्हणाली, लेनर्डला सांग, माझ्यासाठी झाडं हलवू नकोस."

मग नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मी तिला टॉवेल दिला. पिवळा होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वृद्धाश्रमात गेलो. सासूबाईंनी तिथं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, माझा जावई मोठा बागवाला, पेपरात आला होता. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी गळ घातली होती, शुक्रवारी दुपारी चहाआधी थोडं बोला, म्हाताऱ्यांना विरंगुळा. मी फोटो घेऊन गेलो.

मोठ्या खोलीत खुर्च्या भिंतीकडेनं गोल मांडल्या होत्या. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, केस विंचरलेले, गळ्याला ब्रोच. माझ्यासाठी घातला होता. व्यवस्थापक बाई ओळख करून द्यायला लागल्या तर त्यांनी थांबवलं आणि स्वतः म्हणाल्या, "हा लेनर्ड. यानं दुकानातल्या भाजीतून जंगल उभं केलं. हट्टानं केलं. ओल्डहॅममध्ये कुणाला जमलं नाही ते."

मी फोटो वर धरला. बोलायला तोंड उघडलं, तेच नेहमीचं, उष्ण कटिबंध वगैरे. आणि जमेना. घशात काही नव्हतं, कच्चं पानही नव्हतं. पण जमेना.

म्हणालो, "यातलं मी काहीही उगवलेलं नाही. झाडं चेशरमधून विकत आणली. माझी सगळी मेली. ज्या दिवशी ती आणायला गेलो त्या दिवशी या माझ्याच ओल्या फरशीवर पडल्या. मी फोन उचलला नाही. त्यांची खोलीही मीच घेतली होती. त्यांनी दिली नव्हती, मी घेतली होती."

हे सगळं मी बोललो. मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा काही सरळ बोललो असेन.

नेमकी तेव्हाच चहाची गाडी आत आली. एक चाक कुरकुरत होतं. सगळ्या माना तिकडे वळल्या. कुणीतरी विचारलं, आज बिस्किटं कुठली? शेजारचे आजोबा कानाचं यंत्र चाचपत होते. व्यवस्थापक बाई कप वाटायला धावल्या. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या की गाडीसाठी, कळलं नाही.

सासूबाई माझ्याकडे वाकल्या. "काय म्हणालास रे शेवटी? या गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

पुन्हा सांगायला हवं होतं. त्या वाट बघत होत्या.

"काही नाही," म्हटलं. "तुमचा चहा आणतो."

गाडीपाशी गेलो, कप घेतला, नेहमीसारखी दोन चमचे साखर घातली, ढवळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला. मग कप अगदी अलगद बशीत ठेवला, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"आता इथं आले आहे, तर सांगायला हरकत नाही," म्हणाल्या. "मी साखर घेत नाही, लेनर्ड."

आमच्याकडे होत्या तोवर रोज सकाळी त्यांचा चहा मीच करत होतो.